टिपण कोणाचें आणि निकाल कोणाचा ?

लातुरास किंवा जळगांवास पेढी चालविणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याचा दावा खालच्या कोर्टांत दहा वर्षें चालतो, जिल्हा कोर्टांत अपिलांत आणखी पांच वर्षें पडून राहतो, आणि अखेरीस दुसऱ्या अपिलाच्या रूपानें त्याचे कागद हायकोर्टाच्या पायरीवर येऊन पोंचतात. सुनावणीच्या दिवशीं तो गृहस्थ रात्रीच्या गाडीनें येतो, मागच्या बांकावर अंग चोरून बसतो, आणि प्रकरणाचा पुकारा झाल्यापासून चारपांच मिनिटांत न्यायमूर्तींनीं दोन प्रश्न विचारून काम संपविलेलें पाहतो. बाहेर आल्यावर तो वकिलास एकच गोष्ट विचारतो : "साहेब, माझे कागद त्यांनीं वाचले होते का हो ?" आम्हीं स्वतः कित्येक वेळां या प्रश्नास 'वाचले होते' असें उत्तर दिलें आहे, आणि तें खोटें नव्हतें. परंतु तें पुरतें खरेंहि नव्हतें. कागद वाचले गेले होते खास. ते आधीं कोणी वाचले, आणि वाचून न्यायमूर्तींच्या हातीं काय दिलें, एवढेंच आम्हीं त्या अशिलास कधीं सांगितलें नाहीं. तें आज सांगावें असा आमचा विचार आहे.

वरिष्ठ न्यायालयांतील न्यायमूर्तींच्या दालनांत लघुलेखक, शिरस्तेदार, चोपदार या जुन्या मंडळींखेरीज अलीकडे एक निराळा वर्ग वावरतांना दिसतो. त्यास 'लॉ क्लार्क' म्हणतात. नांवांत क्लार्क आहे म्हणून त्यास कोणी कारकून समजूं नये. तो कायद्याची पदवी नुकतीच घेतलेला, तेवीस-चोवीस वर्षांचा, बहुधा हुषार आणि बहुधा अननुभवी असा तरुण किंवा तरुणी असते. दिल्लीच्या सुप्रीम कोर्टांत त्यास 'लॉ क्लार्क-कम-रिसर्च असोसिएट' असें लांबलचक नांव आहे. लेखी परीक्षा व मुलाखत घेऊन त्याची निवड होते, प्रथम मुदत सुमारें एका वर्षाची असते, आणि २०२४ व २०२५ सालच्या जाहिरातींत त्याचा मेहनताना दरमहा ऐंशी हजार रुपये दिलेला आहे. आमचें मुंबई हायकोर्टहि असे तरुण नेमतें. त्यांचें काम काय, तर कागदांचा गठ्ठा आधीं वाचावयाचा, हकीकत काय, खालच्या कोर्टांनीं काय ठरविलें, अपिलांतील मुद्दे कोणते, त्यांवर पूर्वींचे निवाडे कोणते, यांचें दोनचार पानांचें टिपण करावयाचें, आणि तें सुनावणीच्या आदल्या दिवशीं न्यायमूर्तींच्या मेजावर ठेवावयाचें. सुनावणीनंतर दाखले शोधून देणें, निकालपत्रांतील आधार ताडून पाहणें, आणि कांहीं दालनांतून निकालपत्राचा कच्चा मसुदा करणें, हेंहि त्यांच्याकडे येतें. त्या तरुणाचें नांव निकालपत्रांत कोठेंहि नसतें. पक्षकारांस तो दिसत नाहीं, वकिलांस तो क्वचित् ओळखूं येतो, आणि त्याचें टिपण तर कोणासच पाहावयास मिळत नाहीं.

आमच्या धंद्यांतील कांहीं वृद्ध मंडळी या प्रकारास नाकें मुरडतात. पूर्वींचे न्यायाधीश स्वतः वाचीत, स्वतः विचार करीत आणि स्वतः लिहीत. हे पोरसवदा मदतनीस कशास हवेत, असा त्यांचा सवाल असतो. सवाल ऐकावयास गोड आहे. परंतु तो करणारांनीं कधीं न्यायमूर्तींच्या खुर्चीमागें रचलेल्या गठ्ठ्यांची उंची मोजलेली दिसत नाहीं. सुप्रीम कोर्टांत न्यायमूर्तींच्या जागा चौतीस, आणि तुंबलेलीं प्रकरणें ऐंशी हजारांवर. प्रवेशाच्या दिवशीं दोघां न्यायमूर्तींच्या एकेका पीठापुढें पन्नास-साठ अर्ज असतात, आणि प्रत्येकामागें शंभर-दोनशें पानें. मुंबई हायकोर्टास चौऱ्याण्णव जागा मंजूर आहेत, आणि त्या सगळ्या एके वेळीं भरलेल्या असण्याचा योग दुर्मिळ. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास फिरतें पीठ बसूं लागलें याचा आम्हांस आनंद आहे. पण पीठ वाढल्यानें गांवें जवळ येतात, न्यायमूर्तींचे डोळे दोनाचे चार होत नाहींत. अशा स्थितींत मदतनीस नको म्हणणें म्हणजे वाचनच नको म्हणण्यासारखें आहे. तेव्हां मदतनीस असावा कीं नसावा हा आमच्या मतें वादाचा विषयच नव्हे. तो कसा निवडावा, त्यानें काय करावें, कोठें थांबावें, आणि त्याच्या हातून होणाऱ्या चुकीची खबर पक्षकारास कशी लागावी, हा खरा प्रश्न आहे.

ही पद्धति जिकडून आली त्या अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होरेस ग्रे यांनीं १८७५ सालीं हार्वर्डच्या कायदेशाळेंतून नुकताच बाहेर पडलेला एक पदवीधर आपल्या मदतीस घेतला. त्या शाळेंत अध्यापक असलेले ग्रे यांचे सावत्र बंधु दरसाल एक उत्तम विद्यार्थी निवडून पाठवीत. पुढें अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ति म्हणून नांवाजलेले ब्रॅंडाइस हे अशांपैकींच एक. १८८२ सालीं ग्रे स्वतः सुप्रीम कोर्टांत गेले तेव्हांहि त्यांनीं हा परिपाठ चालू ठेविला, आणि १८८६ सालीं सरकारानें प्रत्येक न्यायमूर्तीस वर्षास सोळाशें डॉलरांचा एक लेखक मंजूर करीपर्यंत त्या तरुणाचा पगार पदरचा दिला. कराराच्या कायद्यावरील ज्यांचा ग्रंथ आमच्या वकिलांच्याहि कपाटांत आढळतो ते विलिस्टन ग्रे यांच्याकडे असेच राहिले होते. ग्रे यांची तऱ्हा अशी कीं, प्रकरणाचे कागद त्या तरुणाकडून वाचवून घ्यावयाचे, त्याचें मत विचारावयाचें, आणि मग त्याच्याशीं कडकडून वाद घालावयाचा. म्हणजे मदतनीस हा न्यायमूर्तींच्या बुद्धीस धार लावण्याची सहाण होता. सहाणेनें चंदन उगाळावें, सहाणेवर सुरी घासावी. पण सहाण हीच सुरी आहे असें कोणी समजत नसे.

शंभर वर्षांत तेथें काय झालें ? एकाचे दोन, दोहोंचे चार झाले. पुढें १९७२ सालीं तेथील बहुतेक न्यायमूर्तींनीं आपापले मदतनीस एकत्र केले, आणि येणारे हजारों अर्ज त्यांच्यांत वांटून देऊन एकाच तरुणानें लिहिलेलें एकच टिपण सर्व दालनांत फिरवावयाचें असा बेत ठरविला. श्रम वांचले, यांत शंका नाहीं. परंतु ज्या अर्जाकडे पूर्वीं नऊ दालनांतून निरनिराळ्या डोळ्यांनीं पाहिलें जात होतें, त्याकडे आतां प्रथम एकच जोडी डोळे पाहूं लागले. आणि तो तरुण 'यांत घेण्यासारखें कांहीं नाहीं' असें लिहून मोकळा झाला कीं त्या अर्जाचें भवितव्य बहुधा ठरलेंच. तें न्यायालय वर्षाकांठीं पुरी सुनावणी होऊन सरासरी साठसत्तर प्रकरणेंच निकालांत काढतें. न्यायमूर्ति स्टीव्हन्स या बेतापासून अलिप्त राहिले, न्यायमूर्ति अलिटो २००८ सालीं त्यांतून बाहेर पडले. यावरून खुद्द तेथील शहाण्यांनाहि त्याचा धोका दिसला आहे हें उघड आहे.

दुसरा दाखला याहून बोलका आहे. गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणें कायदेशीर कीं नाहीं, या जगप्रसिद्ध वादाच्या वेळीं, १९५२ सालीं, न्यायमूर्ति जॅक्सन यांचे एक मदतनीस रेंक्विस्ट नांवाचे तरुण होते. वेगळेपणास मान्यता देणारा १८९६ चा जुना निवाडा बरोबर असून तोच कायम करावा, अशा अर्थाचें टिपण त्यांनीं लिहून दिलें. १९५४ सालीं सर्व न्यायमूर्तींनीं, जॅक्सन यांच्यासह, एकमतानें उलट निकाल दिला, म्हणून अमेरिकेचें नशीब. पुढें १९७१ सालीं याच रेंक्विस्ट यांची सुप्रीम कोर्टावर नेमणूक व्हावयाची होती तेव्हां तें टिपण बाहेर आलें, आणि तें माझें मत नव्हतें, न्यायमूर्तींचें मत मांडण्यासाठीं मीं लिहिलें होतें, असें त्यांनीं सांगितलें. मत कोणाचें होतें हा वाद तेथें अजून मिटलेला नाहीं. मौज अशी कीं, याच गृहस्थांनीं १९५७ सालीं एका नियतकालिकांत लेख लिहून, न्यायमूर्तींचे मदतनीस आपल्या राजकीय मतांचा रंग कामास देतात अशी तक्रार केली होती ! टिपण निरुपद्रवी कागद असतें तर त्यावरून असा वाद माजला नसता.

व्यापारी वाचकांसाठीं आणखी एक गोष्ट सांगतों. १९१९ सालीं वॉशिंग्टनांत सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींच्या ॲश्टन एम्ब्री नांवाच्या मदतनीसावर असा आरोप आला कीं, एका मोठ्या रेल्वे कंपनीच्या जमिनींसंबंधीं निकाल काय लागणार हें त्यानें सट्टेवाल्यांस आधींच कळविलें आणि शेअरांच्या भावांत कमाई झाली. त्यानें नोकरी सोडली, आणि आपल्या पाव-बिस्किटांच्या कारखान्याकडे लक्ष द्यावयाचें आहे असें कारण सांगितलें. खटला दाखल झाला, परंतु कधीं चालला नाहीं, आणि १९२९ सालीं काढून टाकण्यांत आला. आरोप सिद्ध झाला नाहीं, तेव्हां त्या मनुष्यास आम्ही दोषी म्हणत नाहीं. २०२२ सालीं त्याच न्यायालयांतील गर्भपातासंबंधींचा मसुदा निकालापूर्वीं वर्तमानपत्रांत आला, आणि बारकाईनें चौकशी होऊनहि तो कोणीं फोडला हें २०२३ च्या अहवालांत ठरूं शकलें नाहीं. ज्या दालनांतून बाहेर पडणाऱ्या एका ओळीनें कापसाचे किंवा शेअरांचे भाव हलतात, तेथें बसणाऱ्या प्रत्येकाच्या सचोटीची काळजी घेणें हें केवळ वकिलांचें काम नव्हे.

परंतु आम्हांस खरें सांगावयाचें आहे तें निराळेंच. न्यायाधीशास शास्त्र सांगणारा मदतनीस ही वस्तु आम्हां हिंदी लोकांस अमेरिकेकडून उसनी घ्यावी लागली असें जें समजलें जातें तें अज्ञान आहे. १७७२ सालीं हेस्टिंग्सनें बंगालच्या अदालतींची व्यवस्था केली तेव्हां हिंदूंचें शास्त्र सांगण्यास पंडित आणि मुसलमानांचें सांगण्यास मौलवी कोर्टास जोडून दिले. आमच्या मुंबई इलाख्यांतहि अदालतींना शास्त्री असत. न्यायाधीश प्रश्न लिहून पाठवी : अमुक मनुष्य निपुत्रिक वारला, मागें विधवा व चुलतभाऊ आहेत, वारसा कोणास ? शास्त्री व्यवस्था लिहून देई, आणि तिच्याखालीं आधार लिही : मिताक्षरा, मयूख, अमुक वचन. ही व्यवस्था प्रकरणाच्या कागदांत राही. इतकी कीं, वेस्ट आणि ब्यूलर या दोघां साहेबांनीं अशा शास्त्र्यांच्या उत्तरांचे गठ्ठे चाळून १८६७ सालापासून आपला हिंदु कायद्याचा प्रसिद्ध संग्रह छापला, आणि मुंबईचीं कोर्टें कित्येक पिढ्या त्याच्या आधारें निकाल देत राहिलीं. आज कोणी आमच्या न्यायमूर्तींच्या मदतनीसांच्या टिपणांचा संग्रह छापूं म्हणेल तर त्यास एक पानहि मिळावयाचें नाहीं.

या शास्त्र्यांचीं उत्तरें निर्दोष होतीं असें आमचें म्हणणें नाहीं. दोन गांवचे दोन शास्त्री एकाच प्रश्नास दोन उत्तरें देत, आणि कांहींच्या उत्तरांस दक्षिणेचा वास येतो अशी कुजबुजहि असे. कलकत्त्यास सर विल्यम जोन्स न्यायाधीश होऊन १७८३ सालीं आले. पंडितांच्या सांगण्यावर डोळे मिटून विसंबावें लागतें याची त्यांस इतकी टोंचणी लागली कीं त्यांनीं स्वतः संस्कृत शिकावयास घेतलें, आणि १७९४ सालीं मनुस्मृतीचें भाषांतर प्रसिद्ध केलें. परक्या राज्यकर्त्यांच्या न्यायाधीशाची ही गोष्ट आम्ही मोकळ्या मनानें वाखाणतों. मदतनीस आहे म्हणून शिकण्याची गरज नाहीं असें त्यास वाटलें नाहीं. मदतनीसावर नजर ठेवतां यावी म्हणूनच तो शिकला. पुढें १८६४ च्या अकराव्या ॲक्टानें कोर्टांतील पंडित व मौलवी यांच्या जागाच मोडून टाकण्यांत आल्या, कारण न्यायाधीशांस आतां हिंदु शास्त्र माहीत झालें असें मानण्यांत आलें. माहीत काय झालें होतें ? कांहीं थोड्या ग्रंथांचीं इंग्रजी भाषांतरें आणि छापील निवाडे ! जेथें चालीरीति पाहावयाच्या तेथें भाषांतरांतील शब्द पाहूं लागले, आणि मूळ ग्रंथकारांच्या स्वप्नांतहि नसलेली ताठरता शास्त्राच्या नांवावर पक्की झाली. त्या पडत्या काळांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ सालीं मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति झाले. मयूख मूळ संस्कृतांत वाचून, लोकांचा चालू व्यवहार डोळ्यांपुढें ठेवून, त्यांनीं उण्यापुऱ्या चार वर्षांत जे निवाडे लिहिले ते आजहि आदरानें वाचले जातात. मूळ कागद ज्यास वाचतां येतो त्याचा निकाल आणि भाषांतर वाचणाराचा निकाल यांत काय अंतर असतें, हें पाहावयाचें असेल त्यानें ते निवाडे काढून पाहावे.

हें जुनें पुराण आम्ही उगीच काढलेलें नाहीं. मूळ कागद वाचण्याचा तोच प्रश्न आज निराळ्या वेषांत पुढें उभा आहे. महाराष्ट्रांतील खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. साक्षी, पंचनामे, फेरफार, खरेदीखतें, सगळें मराठींत. जुने कागद तर मोडींत. हायकोर्टाची भाषा मात्र राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमान्वयें इंग्रजी. न्यायमूर्ति बदलून परप्रांतांतून येतात, आणि मदतनीस कोठल्याहि प्रांतांतल्या कायदेशाळेंतून येऊं शकतो. मधल्या दरीवर पूल काय, तर कोणीतरी घाईनें केलेलें भाषांतर.

आमचाच एक अनुभव सांगतों. एका दुसऱ्या अपिलांत वाद होता तो पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या एका दस्तैवजावर. दस्तावर मथळा 'मुदत खरेदीखत'. कर्ज देणारानें जमीन लिहून घ्यावयाची, ठरलेल्या मुदतींत पैसे परत केले तर ती उलटून द्यावयाची, असा तो आमच्याकडे घरोघर माहीत असलेला व्यवहार. तो गहाणाचा कीं खऱ्या विक्रीचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणें झालीं आहेत, आणि मालमत्ता हस्तांतराच्या कायद्याच्या ५८ व्या कलमास १९२९ सालीं एक पुस्ती जोडावी लागली, ती याच जातीच्या वादांपायीं. सुनावणीच्या वेळीं न्यायमूर्ति, जे परप्रांतांतले पण अत्यंत सज्जन आणि सावध गृहस्थ होते, म्हणाले कीं, माझ्यापुढील टिपणाप्रमाणें ही ठराविक काळांत पुरी करावयाची साधी खरेदी दिसते. यांत गहाण कोठें आहे? आम्ही क्षणभर गोंधळलों. मग ध्यानांत आलें. 'मुदत' या शब्दाचें भाषांतर झालें होतें, व्यवहाराचें झालें नव्हतें. आणि दस्ताच्या पोटांतील 'तारण' हा शब्द भाषांतरांत मुळींच उतरला नव्हता. टिपण करणाऱ्या तरुणास दोष देण्यास आमची जीभ शिवशिवत होती. पण छापील पुस्तक उलटून पाहतों तों तें भाषांतर आमच्याच कचेरींत झालेलें! त्या पोरानें समोर दिलेल्या इंग्रजीवरून टिपण केलें. मूळ मराठी पान त्याच गठ्ठ्यांत होतें, तें त्यास वाचतां येत नव्हतें. न्यायमूर्तींनीं काम दुसऱ्या दिवसावर टाकलें, मूळ दस्त वाचवून घेतला, आणि मुद्दा नीट ऐकला. ते मोठ्यानें बोलले म्हणून चूक उघडकीस आली. जे न्यायमूर्ति बोलत नाहींत, टिपण वाचून मनांत ठरवितात आणि अपील दाखल करून न घेतां दोन ओळींत काढून टाकतात, त्यांच्या दालनांत अशा किती मुदत खरेद्या साध्या खरेद्या झाल्या असतील, याचा हिशेब कोण देणार ?

म्हणून आमचें पहिलें मागणें भाषेचें आहे. हायकोर्टांत मदतनीस निवडतांना अमेरिकन निवाडे किती पाठ आहेत हें खुशाल पाहावें. परंतु त्याबरोबर एक सातबाराचा उतारा, एक फेरफाराची नोंद, एक हातानें लिहिलेला पंचनामा समोर ठेवून यांत काय आहे तें सांग, असें विचारावें. प्रत्येक दालनांत निदान एक तरी मदतनीस या परीक्षेंत उतरलेला असावा. नगर, धुळें, अमरावती, रत्नागिरी येथील कायदेशाळांत असे विद्यार्थी हवे तितके मिळतील. त्यांचें इंग्रजी थोडें खडबडीत असेल, पण तारण म्हणजे काय हें त्यांस बापाच्या तोंडून माहीत असतें. सुप्रीम कोर्टानें निरनिराळ्या शहरीं परीक्षा घेऊन ही वाट उघडी केली ही चांगली गोष्ट झाली. परंतु लाखों रुपये फी घेणाऱ्या कांहीं मोजक्या राष्ट्रीय विद्यालयांच्याच मुलांस हें काम साजतें, ही जी समजूत वकिलवर्गांत मूळ धरूं पाहत आहे, ती वेळींच उपटली पाहिजे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टांत पहिली स्त्री मदतनीस १९४४ सालीं आणि पहिला काळा मदतनीस १९४८ सालीं आला. हार्वर्डच्या गोऱ्या मुलांखेरीज कोणांत ही लायकी नाहीं असें त्यापूर्वीं साठ वर्षें समजलें जात होतें. आमच्याकडे जातीचा, पैशाचा आणि इंग्रजी शाळेचा असा तिहेरी उंबरठा आहे. आजचे मदतनीस उद्यांचे मोठे वकील आणि परवांचे न्यायमूर्ति. तेव्हां हा उंबरठा कोण ओलांडतो यावर पुढील पिढीचें न्यायासन ठरावयाचें आहे.

दुसरी गोष्ट न्यायाच्या अगदीं मुळाशीं जाणारी आहे. दोन्ही पक्षांचें ऐकल्यावांचून निकाल देऊं नये हें तत्त्व शाळकरी पोरासहि ठाऊक आहे. आतां असें समजा कीं, सुनावणी संपल्यावर मदतनीसास एक निवाडा सांपडला, जो कोणत्याहि वकिलानें दाखविला नव्हता, आणि त्याच्या आधारें अपील फेटाळलें गेलें. निवाडा बरोबर असेलहि; परंतु तो लागू कां नाहीं हें सांगण्याची संधि हरणाऱ्या पक्षास मिळाली काय ? शास्त्र्याची व्यवस्था निदान कागदांत असे, तिच्याखालचा आधार वाचून वकील तिजवर तुटून पडे. मदतनीसाचें टिपण गुप्त असावें हें आम्हांस मान्य आहे. न्यायमूर्तींच्या मनांतील पहिला विचार चव्हाट्यावर आणण्यांत कोणाचें हित नाहीं. परंतु टिपण गुप्त असलें तरी त्यांतील नवा मुद्दा आणि नवा दाखला गुप्त राहतां कामा नये. वादांत न आलेला आधार वापरावयाचा असेल तर तो दोन्ही पक्षांपुढें ठेवून त्यांस चार ओळी लिहून देण्यास सांगावें. कित्येक चांगले न्यायमूर्ति हें आपण होऊन करितातच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तें त्यांच्या मर्जीवर न ठेवतां नियमांत यावें.

मसुदा लिहिण्यासंबंधीं आमचें मत अधिक कडक आहे. दाखले शोधणें, आधार ताडणें, तारखा जुळविणें हें काम मदतनीसाचें. कां व कशासाठीं हें लिहिणें न्यायमूर्तींचें. लिहूं लागल्यावांचून मनुष्यास आपल्या विचारांतील भोंक दिसत नाहीं, हा प्रत्येक वकिलाचा अनुभव आहे. पुष्कळदां मनांत पक्की झालेली गोष्ट कागदावर उतरेना म्हणून मत बदलावें लागतें. दुसऱ्यानें सफाईनें लिहिलेल्या मसुद्यावर सही करणारास ही अडखळण लागतच नाहीं, आणि अपिलांत अडखळण हीच तर पक्षकाराची शेवटची आशा असते.

यांत आतां यंत्राची भर पडली आहे. प्रश्न टाकतांच सुबक इंग्रजींत उत्तर देणारीं आणि प्रसंगीं मुळांत नसलेले निवाडे मोठ्या ऐटींत सांगणारीं जीं यंत्रें निघालीं आहेत, त्यांच्या नादीं लागून २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनीं काल्पनिक निवाडे कोर्टापुढें ठेविले आणि पांच हजार डॉलर दंड भरला. वकिलांचें सोडा, २०२५ सालीं अमेरिकेच्या दोन संघीय न्यायाधीशांस आपले हुकूम मागें घ्यावे लागले, आणि आमच्या दालनांतील उमेदवारानें व मदतनीसानें असें यंत्र वापरलें होतें, असें त्यांस त्या वर्षीं ऑक्टोबरांत लिहून कबूल करावें लागलें. तीं न्यायालयें पहिल्या पायरीचीं होतीं, वर अपिलाची सोय होती. हीच चूक शेवटच्या अपिलांत झाली तर दाद कोठें मागावयाची ? केरळ हायकोर्टानें जुलै २०२५ मध्यें आपल्या जिल्हा कोर्टांसाठीं, अशीं यंत्रें निर्णय घेण्यास वापरूं नयेत, असे नियम केले, हें योग्य झालें. मात्र नियम खालच्या कोर्टांना आणि मोकळीक वरच्या दालनांना, असें होऊं नये. टिपणांत आलेला प्रत्येक दाखला मदतनीसानें मूळ छापील अहवालांत स्वतः उघडून पाहिला आहे, अशी त्याची सही टिपणाखालीं असावी. शास्त्री आपल्या व्यवस्थेखालीं सही करीत. यांना लाज कां वाटावी?

राहतां राहिलें नोकरीनंतरचें वागणें. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या सातव्या नियमाप्रमाणें तेथून बाहेर पडलेल्या मदतनीसास दोन वर्षें त्या कोर्टाच्या कोणत्याहि प्रकरणांत भाग घेतां येत नाहीं. तेथील मोठ्या वकिली पेढ्या अशा तरुणांस नुसतें रुजू होण्यासाठीं कित्येक लाख डॉलर मोजतात, तेव्हां हा बांध किती आवश्यक आहे हें कळतें. आमच्याकडे इतका पैसा अजून फिरत नाहीं. परंतु मुंबईतील पेढ्या आणि कंपन्या यांस अशा तरुणांचें मोल कळूं लागलें आहे, आणि बांध पूर येण्यापूर्वीं घालावयाचा असतो. प्रत्येक हायकोर्टानें ही मुदत स्वतःच्या नियमांत स्पष्ट लिहावी. पंचवीस हायकोर्टें आहेत. पंचवीस तऱ्हा नकोत.

या सर्वांस खर्च फारसा नाहीं. परीक्षेच्या कागदांत एक मराठी उतारा वाढवावयाचा, नियमांत दोनचार कलमें घालावयाचीं, आणि वर्षारंभीं कोणत्या दालनांत कोण मदतनीस आहेत व ते कोणत्या कायदेशाळेंतून आले याची यादी प्रसिद्ध करावयाची. न्यायमूर्तींची नांवें भिंतीवर संगमरवरांत कोरलेलीं असतात. त्यांचे कागद आधीं वाचणारांचीं नांवें निदान सूचनाफलकावर लावण्यास हरकत नसावी. ही यादी मुंबई हायकोर्टानें पुढील नेमणुकांच्या वेळेपासून सुरू करावी, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील वकीलसंघांनीं व व्यापारी मंडळांनीं तसा अर्ज मुख्य न्यायमूर्तींकडे पाठवावा. अर्जाचा मसुदा ज्यांस हवा असेल त्यांनीं आमच्या कचेरीकडे लिहावें; तो आम्हीं मराठींत करून ठेविला आहे.